पाहुण्यांच्या आधी वाद्यवृंद

व्हायोलिन, बासऱ्या, शिंगं, नगारे सगळे एकदम समोर वाजले की पोटात काय होतं, हे कळायला मूल पुण्या-मुंबईचंच असावं लागतं का? कवठे महांकाळच्या पोरांना पोट नसतं? असली पत्रकं वाटत मी वर्षभर हिंडले. शेवटी सांगलीत सभागृह मिळालं, वादक मुंबईहून आले. पुढच्या आठवड्यात पाटणला हाच कार्यक्रम ठरला होता. दोन्हींचा खर्च आणि वाद्यं न्यायचा टेम्पो एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडे. त्यांची अट एकच: आधी त्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन आणि सत्कार, मग वाजवणं.

वेळ चारची होती. पाच वाजले तरी साहेबांचा पत्ता नव्हता. खेड्यांतून आलेली पोरं पेंगायला लागली. एक आई उठून माझ्याकडं आली.

"आवं ताई, वाजिवणार हाय का न्हाई? अंधाराच्या आत घर गाठायचंय आमाला."

आमच्या कार्यक्रम समितीचे सचिव म्हणजे निवृत्त प्राध्यापक. ते दबक्या आवाजात मला म्हणाले, "समई पेटल्याशिवाय एक सूर निघता कामा नये. पाटण विसरू नकोस."

पाटण मी विसरले नव्हते. पण मुलांच्या नावानं मांडव घालायचा आणि मुलांनाच ताटकळत ठेवायचं, हे किती दिवस चालवायचं? मी मंचावर गेले आणि वाद्यवृंदाच्या संचालकांना सांगितलं, "सुरू करा."

पहिल्याच दणक्याला एक चिमुरडी आजोबांच्या मांडीवर चढली. मग एकेक वाद्य थांबत गेलं आणि नुसती बासरी उरली, इतकी बारीक की पोरांनी श्वास रोखले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. साहेब.

आपल्या शाळांनी पोरांना एक गोष्ट पक्की शिकवलीय: पाहुणे आले की उठायचं. अख्खं सभागृह ताडकन उभं राहिलं.

"एऽक साऽथ नमस्ते!"

बासरीचा सूर तुटला. संचालकांचा हात हवेतच राहिला. साहेब हात जोडून हसत उभे. सचिवांनी माझ्या हातात शाल कोंबली. "अगं, बघतेस काय? जा!"

मी हलले नाही. "बाळांनो, बसा," मी ओरडले. एकही बसलं नाही. पाहुण्यांनी सांगितल्याशिवाय बसायचं नाही, हीसुद्धा शिकवणच. सगळ्यांचे डोळे साहेबांवर, साहेबांचे शालीवर.

त्या चिमुरडीचे आजोबा मागं वळले. "साहेब, बसा म्हना की त्यास्नी. आमास्नी फुडचं कायबी दिसंना!"

सभागृह हसलं. साहेबांना "बसा" म्हणावंच लागलं. संचालकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि शेवटापर्यंत कुणी मध्ये आलं नाही. समई तशीच राहिली, शालही.

जाताना साहेब माझ्यापाशी थांबले. "छान झालं. पाटणचं तेवढं तुमचं तुम्ही बघा."

संचालक म्हणाले, "चौघं व्हायोलिनवाले घेऊन मी येतो. एसटीनं."

मी तिथूनच पाटणच्या मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"चौघंच?" बाई म्हणाल्या. "आणि ते मोठे नगारे? पोरांनी त्यांचीच चित्रं काढून भिंती भरल्यात."

"नगारे नाहीत, बाई. टेम्पो साहेबांचा होता."

"मग ते पोरांना तुम्हीच येऊन सांगा."

"येते," मी म्हटलं.