डाव्या फळीचे दोन स्क्रू

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली तेव्हा अब्बा माझ्याकडे नव्हे, बोटीच्या इंजिनाकडे बघत होते. जन्मभर मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. मुलगा परदेशी चाललाय आणि यांचे कान इंजिनाच्या आवाजाकडे. अम्मी मात्र माझ्याकडेच बघत होती. आदल्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट दहा वेळा सांगितली होती, "तिथं कुनाच्या नजरेत येव नको. मान खाली घालून काम कर." माझ्या बॅगेशेजारी कुणाचीतरी कोंबड्यांची टोपली होती आणि रडू येऊ नये म्हणून मी सगळा वेळ त्या कोंबड्यांकडे बघत राहिलो.

त्याला चौदा वर्षं झाली. मान खाली घालून काम केलं. सौदीतल्या अल-खोबरच्या एका वर्कशॉपमध्ये मी फिटर आहे; पंपांचे भाग, फ्लँज, प्लेटा. सलीम, तू गावाहून फोनवर विचारतोस, "भाई, तिकडं मजा असेल ना?" मजा आहे रे. तुझी शबानाभाभी आहे, आलिया आहे, एसी आहे, समुद्रकाठच्या कॉर्निशवर संध्याकाळचा वारा आहे. पण ऑफिसातून बोलावणं आलं की आधी खिशातला इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, चाचपतो, मग पाय उचलतो. इकामा, तो ज्याच्या हातात असतो तो मालक म्हणजे कफील, कागद, सही. कुवेतला आणि दोह्याला असलेल्या आपल्या पोरांना हे सांगायला नको. गावाकडच्यांना सांगून कळत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी खरा घाबरलो. ती गोष्ट तुम्हाला फोनवर सांगितली नाही.

डॉक्टर मृणाल नाशिकच्या. इथल्या एका दवाखान्यात हाडांच्या डॉक्टर. माझा अंगठा ग्राइंडरखाली आला तेव्हा त्यांनी टाके घातले आणि मी कळवळून "आई गं" म्हणालो, तशा त्या हसून मराठीत बोलायला लागल्या. इंग्लंडात शिकताना त्यांना बर्फाचं वेड लागलं. स्कीबोर्ड म्हणून कंबरेएवढ्या आखूड, रुंद फळ्या असतात, पायाला एकेक. त्यांच्या फळ्यांना बूट पक्का आवळलेला असायचा. एकदा त्या पडल्या, फळी बर्फात अडकली, बूट सुटलाच नाही आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. आत अजून सळई आहे.

"इक्बालभाई, आता सुटणारी बाइंडिंग लावायचीत," त्या म्हणाल्या. बूट फळीला धरणारी ती पकड त्यांनी बाहेरून मागवून घेतली होती. चढताना टाच मोकळी राहते, पुढे फक्त बोटांशी बूट धरलेला. उतरताना टाच मागे अडकवायची. पडल्यावर पायावर जास्त पीळ आला की बूट आपोआप सुटतो. पण फळीवरची भोकं आणि बाइंडिंगची भोकं जुळत नव्हती. मध्ये ॲल्युमिनियमची प्लेट हवी होती. "इथे हे करणारं कुणी नाही. जॉर्जियात जायचंय, चौघीजणी. जिथे वर नेणारा पाळणा नाही, माणसं नाहीत, तिथे डोंगर चालत चढायचा आणि उतरायचा."

मी नाही म्हणायला हवं होतं. कंपनीच्या मशीनवर खासगी काम चालत नाही. पण माझ्याशी मराठीत बोलून कुणी माझ्या हातचं काम मागण्याची ती पहिलीच वेळ. जेवणाच्या सुट्टीत, पाच-सहा दिवस, लपूनछपून केलं. आधी पातळ प्लेट बनवून आखूड स्क्रूंनी बसवून पाहिली. रुंद फळीवर बूट घासत होता, म्हणून जाड प्लेट केली. जाड प्लेटीला लांब स्क्रू.

शेवटच्या दिवशी त्या बूट घेऊन आल्या. उजवी फळी व्हाइसच्या जबड्यात आवळली, त्यांनी बूट अडकवला आणि मला म्हणाल्या, "आता माझा पाय पिळा. जोरात." दुसऱ्याचा पाय, तोही डॉक्टरचा! पिळला. काही नाही. अजून पिळला, आणि कट्कन बूट सुटला. त्या टाळी वाजवून हसल्या. मग डावी फळी घ्यायची तर बाहेर अबू तारिकची गाडी लागल्याचा आवाज आला. अबू तारिक म्हणजे आमचा जॉर्डनचा इन्चार्ज. मी डावी नुसती हातानं ओढून पाहिली, कापडात गुंडाळली आणि म्हटलं, "मॅडम, पक्की आहे."

तीन दिवसांनी ड्रिलची पेटी साफ करताना एका झाकणात दोन लांब स्क्रू सापडले.

मी मोजले. परत मोजले. दोन फळ्यांचे मिळून मोजून आठच आणले होते. म्हणजे जाड प्लेट बसवताना घाईत डाव्या फळीच्या टाचेखाली जुने दोन आखूड स्क्रूच परत लागले होते. वरून बाइंडिंग बसल्यावर ते दिसणारच नाहीत. जाड प्लेटीतून खाली फळीत त्यांचे दोन आटेही नीट धरणार नाहीत. चढताना टाच मोकळी, तेव्हा काही होणार नाही. उतरताना सगळं वजन मागे येईल आणि प्लेट उखडेल. डाव्या पायाची. सळईच्या पायाची.

मी तिथंच खाली बसलो. मॅडमचा फोन बंद. पुन्हा बंद. दवाखान्यात फोन केला. माझं मोडकं अरबी ऐकून बाईंनी "डॉक्टर रजेवर आहेत" म्हणून फोन ठेवला. एक मन म्हणत होतं, गप्प राहा. काही झालं तर बर्फात झालं, पडल्या म्हणतील. तुझं नाव कुठं आहे? हे मन माझंच होतं, सलीम. मी ते लपवत नाही. पाच मिनिटं तरी मी त्या मनाचं ऐकलं. अम्मीचं वाक्यही तेव्हा आठवलं आणि पहिल्यांदाच मला तिचा राग आला.

मग उठलो आणि अबू तारिकच्या केबिनमध्ये गेलो. हातात ते दोन स्क्रू. हिंदी, अरबी, इंग्रजी, जे तोंडाला येईल त्यात सांगितलं. कंपनीचं मशीन वापरलं हेही. त्यानं ते स्क्रू उचलून पाहिले. मला वाटलं, आता हा म्हणणार, सामान बांध.

"आज चढणार?" त्यानं विचारलं.

"आज किंवा उद्या. माहीत नाही."

त्यानं फोन उचलला. त्याच्या अरबीपुढे दवाखान्यातल्या बाई लगेच नमल्या. मॅडमच्या जागी काम करणाऱ्या डॉक्टरांनी जॉर्जियातल्या मुक्कामाच्या घराचा नंबर दिला. तिथल्या माणसानं सांगितलं, चौघी सकाळीच गेल्या, बरोबर वाटाड्या आहे, त्याच्याकडे वॉकीटॉकी आहे, पण डोंगराच्या पलीकडे गेला असेल तर लागत नाही. "यल्ला, ट्राय, ट्राय!" अबू तारिक ओरडला.

त्यानंतर आम्ही दोघं त्या केबिनमध्ये बसलो. त्यानं चहा मागवला, माझा तसाच निवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघवेना. डोळ्यांपुढे न पाहिलेला तो डोंगर, आणि खाली मान करून पडलेलं कुणीतरी. मी कुराणातल्या आयती आठवायला लागलो, तर मध्येच विसरलो.

पाऊण तासानं माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर, वाटाड्याचा असणार, आवाजात वारा.

"इक्बालभाई, मी माथ्यावर आहे. टाच अडकवतच होते, तेवढ्यात निरोप आला." मग म्हणाल्या, "बाइंडिंग काढून पाहिली. एक स्क्रू तर बोटानंच निघाला हो."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"चालत उतरतेय. फळ्या पाठीवर. सांगितलंत, बरं केलंत." पुढे आणखी काहीतरी म्हणाल्या, ते वाऱ्यात गेलं.

अबू तारिकनं माझ्याकडून फोन घेऊन टेबलावर ठेवला. "पुन्हा माझ्या वर्कशॉपमध्ये असलं काम नाही. खलास." मग दाराकडे बोट दाखवून, "घरी जा. आज तुझ्या हातात मशीन देणार नाही."

भर दुपारी मी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटचं दार वाजवलं. शबानानं उघडलं आणि माझा चेहरा बघून मागे सरली. "काय झालं? नोकरी गेली?" मी नाही म्हटलं आणि बुटांसकट दारातच बसून रडलो. आलिया शाळेतून नुकतीच आली होती. "पप्पा, व्हॉट हॅपन्ड?" म्हणत ती पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिली. शबाना माझ्या शेजारी बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. मग मी सगळं सांगितलं, त्या पाच मिनिटांसकट.

तुम्ही विचारता, घरी कधी येणार. ईदला तिकीट मिळालं तर येईन. गावाला आलो की मी हसतो, खजूर वाटतो, सगळं छान म्हणतो. तुमच्यासमोर घाबरलेला मी कधी दिसलो नाही. या फ्लॅटला मी इतकी वर्षं भाड्याची जागाच म्हणत आलो. त्या दिवशी केबिनमधून बाहेर पडल्यावर फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, "किधर, इक्बालभाई?" मी म्हटलं, "घर." म्हणताना मनात ही जागाच होती.