हळू बोलणाऱ्या बाई

टेमघरच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई इतक्या हळू बोलतात, की पालकसभेत आम्हाला खुर्च्या पुढे ओढाव्या लागतात. मला आधी त्याचा रागच यायचा. जूनमध्येच त्यांनी सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत वाचता येतं का, हे विचारू नका. मुलं न ओरडता बोलायला लागली तरी मला पुष्कळ." इथली बरीच मुलं घराशेजारच्या यंत्रमागांच्या, लूमच्या खडखडाटात वाढलेली, ती पाणीसुद्धा ओरडूनच मागतात.

दिवाळीनंतरच्या सभेत लूमवर काम करणारा एक बाप उठून ओरडलाच, "मॅडम, पोरगी घरी बोलतच नाय. पहले कितना बोलायची. शाळेतून नाव काढतो मी तिचं."

बाईंनी आवाज चढवला नाही. "बोलते ती. लूममुळे तुम्हाला ऐकू येत नसेल. शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा तिच्याजवळ बसा. मग काढा नाव."

शनिवारी तो मुलीला घेऊन आला. फाटकाशी उभ्या असलेल्या बाईंच्या हातात त्याने तिचं दप्तर दिलं आणि काहीतरी म्हणाला. मी शेजारीच उभा होतो, तरी मला एक शब्द ऐकू आला नाही.