सहा सिलिंडरचं इंजिन आणि विहिरीचं पाणी

दादाचा मला आजही राग येतो. तो जाऊन बरीच वर्षं झाली, तरी येतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर मी मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून जुनी मोटार घेतली. गाडी लहानखुरी, पण इंजिन सहा सिलिंडरचं. एवढ्याशा गाडीला असं इंजिन क्वचितच असे; बाकीच्यांना चारच. बॉनेटवर तळहात ठेवल्याशिवाय ते चालू आहे की बंद, हे कळत नसे.

मी वसईत शाळामास्तर. शाळा सुटली की मी आणि कामणचा एक मिस्त्री गाडीला भिडायचो. पापडीच्या वाळूत चाकं रुतून गाडीचं पोट टेकायचं, म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक पट्टी वाढवून ती उंच केली. एका कार्ब्युरेटरऐवजी दोन बसवले. त्यांची पितळी नळी मिस्त्रीनं स्वतः ओतली. आमचे दोन उन्हाळे त्यात गेले.

मग वैशाखात शिक्षकांच्या शिबिरासाठी मला नाशिकला जावं लागलं. तीन आठवड्यांनी परत आलो तर गाडी आंब्याखाली, बॉनेट उघडं आणि आत पोकळी. बागेकडून आवाज येत होता. सायलेन्सर काढलेला होता, तरी तो मी लगेच ओळखला.

विहिरीच्या काठावर दोन ओंडक्यांवर माझं इंजिन आवळून बांधलं होतं आणि ते पंप ओढत होतं.

"रहाटाचा बैल मेला," दादा म्हणाला. "केळी करपत होती. तुझी गाडी नुसती उभी होती."

"एक पत्र टाकायचं होतंस."

"तू नको म्हणाला असतास."

म्हणजे त्याला माहीत होतं! मी पाना घेऊन पुढे झालो, तेव्हा आई मध्ये आली. "बाग सगळ्यांची आहे," ती म्हणाली, "पावसापर्यंत राहू दे." मी पाना खाली ठेवला. त्याबद्दल मला स्वतःचाही राग येतो.

रेडिएटर दादानं अडगळीत टाकला होता. त्याऐवजी इंजिन थंड राहावं म्हणून तो विहिरीचंच पाणी थेट इंजिनातून सोडायचा. उन्हाळ्यात आमच्या विहिरीला खारटपणा चढतो. केळी तेवढा कसाबसा सोसतात, लोखंड सोसत नाही. मी सांगितलं, तर म्हणाला, "मास्तरकी शाळेत कर."

पावसाच्या आठ दिवस आधी इंजिन तापून अडकलं. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं ते उघडलं आणि पाण्याच्या, मिठानं बुजलेल्या वाटांवरून बोट फिरवलं. दोन सिलिंडरांमधली भिंत तडकली होती.

"मास्तर, याला खारं पानी पाजलं?" तो म्हणाला. "जनावराला तरी कोनी पाजतं का?"

मुंबईच्या साऱ्या भंगारवाल्यांकडे मी फिरलो. तसलं इंजिन कोणी पाहिलंच नव्हतं, मग सुटे भाग कुठून मिळणार? शेवटी मोडीत निघालेल्या एका गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन बसवलं. गाडी चालायची; सुरू झाली की खिडकीच्या काचा थडथडायच्या.

बाग वाचली, हे खरं. तिची केळी मीही खाल्ली. पण दादा पाहुण्यांना सांगायचा, "मी इंजिन लावलं म्हणून बाग राहिली." माझं इंजिन, असं कधी म्हणाला नाही.

तो थकला, अंथरुणाला खिळला, तेव्हा मी एकदा विचारलंच, "दादा, मला निदान विचारायला हवं होतं, असं कधी वाटलं का रे?"

त्यानं बराच वेळ आठवून पाहिलं. "त्या साली घड मोठे आले होते," तो म्हणाला.

मी उठून बाहेर गेलो.