सिनेमातली डरकाळी

येडगावच्या उज्ज्वलानं सिनेमावाल्यांना सगळं सांगितलं, कारण तिला वाटलं, हे बघून एखाद्या आईला तरी कळेल की वाघ कसा येतो. बिबट्याला इकडे वाघच म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी ती उसाच्या कडेला कांदा खुरपत होती. पाठीमागे बांधावर चार वर्षांचा सुदर्शन जेवणाच्या डब्याचं झाकण दगडावर बडवत बसला होता. झाकण वाजतंय म्हणजे पोरगं जागेवर आहे, एवढं तिला पुरेसं होतं. मग झाकण वाजायचं थांबलं. तिनं वळून पाहिलं तर बांधावर झाकण होतं, पोरगं नव्हतं, आणि उसाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"आवाज आला नाय," तिनं दिग्दर्शकाला सांगितलं. "व्हता तो आवाज बंद पडला, तवा कळलं."

त्यानं मान डोलावली, चहा घेतला, फार आतून हललो म्हणाला आणि पुण्याला गेला.

पुढच्या वर्षी देवळापुढं पडदा लावून त्यानं सिनेमा दाखवला. सगळं गाव जमलं. त्यातल्या शेतकरणीचा थाट काय सांगावा! साडीला कडक इस्त्री, हातात खुरपं धरलेलं कलथ्यासारखं, आणि उसातून पळत गेली तरी अंगावर एक ओरखडा नाही. बोलायची तर थेट मालिकेतल्या सुनेसारखी. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. उज्ज्वलालाही हसू आलं आणि जरा बरं वाटलं, की ही काही आपण नव्हे.

मग वाघ आला. वासराएवढा थोराड, कॉम्प्युटरवर काढलेला. त्यानं अशी डरकाळी फोडली की स्पीकर थरथरले. पडद्यावरची आई गाणं गुणगुणत खुरपतच होती. वाघानं पुन्हा डरकाळी फोडली, तरी ती खुरपत होती. तिसऱ्या वेळी तिनं मान वळवली, तोवर सगळं उरकलं होतं. आता कुणी हसत नव्हतं. दोन-चार माना हळूच उज्ज्वलाकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी डेअरीत गेणभाऊनं विचारलंच, तू त्या दिवशी गाणं म्हणत होतीस का. याच गेणभाऊच्या खाटेजवळून वाघानं शेळी उचलली होती आणि याला सकाळी नुसतं दावं दिसलं होतं. पण सिनेमात बघितलेलं त्याला स्वतःच्या त्या रिकाम्या दाव्यापेक्षा खरं वाटत होतं. अशा माणसाला काय सांगणार? उज्ज्वला दूध घालून घरी आली.

घरी सासू होती, हा तिला मोठा आधार होता. सुदर्शन गेला त्या दिवशी बाया कुजबुजायला लागल्या, तेव्हा साळुबाईनंच सगळ्यांना गप्प केलं होतं. माझ्या सुनेला कुणी काय म्हणायचं नाय, वाघ काय हाळी देऊन येतो व्हय, असं तिनं भर अंगणात सुनावलं होतं. त्या एका बोलण्यावर उज्ज्वला इतकी वर्षं जगली होती.

त्या दुपारी साळुबाई ओसरीवर हुलगे निवडत होती. तिनं मूठभर हुलगे पुढं ओढले. मग सुपातली नजर न काढता म्हणाली, "एवढा मोठा आवाज, उज्ज्वला. तुला खरंच नाय का गं आला?"

"आत्या, तो सिनेमा व्हता."

"व्हय," साळुबाई म्हणाली आणि खडे वेचत राहिली.

सिनेमा गाव विसरून गेलं. पण सुदर्शन गेला ती दुपार उज्ज्वलासाठी पहिल्यासारखी राहिली नाही. आधी ती आठवली की निदान शांत असायची. त्या शांततेत भयंकर दुःख होतं, पण उज्ज्वलाची काही चूक नव्हती. आता डोळे मिटले की झाकण वाजतं, मग डरकाळी येते, पुन्हा येते. बांधापलीकडं एक बाई पाठ करून कांदा खुरपत असते. ती सिनेमातली नटी आहे, असं उज्ज्वला मनाला बजावते, पण अंगावरची साडी तिची स्वतःची असते. वळ गं बाई, वळ, असं ती जीव तोडून सांगते. ती बाई काही वळत नाही.