लहानसा धक्का

सुरतेच्या कापड बाजारात परदेशी जाणाऱ्या स्कार्फच्या गाठी शिवणारा एक खानदेशी माणूस मला रोज दिसे. नाव मी कधी विचारलं नाही. गाठ शिवून झाली की तो तिच्यावर दोन थापा मारी आणि कुंकवाचं बोट लावी, लेक सासरी निघाल्यासारखं. त्याच्या बहुतेक लेकी अमेरिकेला जात.

चौऱ्याण्णव साली अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोनं आपसातली जकात हटवायचा करार लागू केला. मेक्सिकोचे स्कार्फ तिकडे स्वस्त पडू लागले आणि इकडे त्याच्या शेठच्या ऑर्डरी आटल्या.

"सोयरीक त्या तिघांची जमली," तो म्हणाला, "अन् पंगतीतून उठवलं आम्हाला. आम्ही तर भांडलोबी नव्हतो."

पुढे त्याच करारावर शहरात व्याख्यान झालं. वक्त्यांना शाल, श्रीफळ आणि पुन्हा एक शाल मिळाली. असे करार एकूण जगाच्या हिताचेच असतात, बाहेरच्या देशांना एक लहानसा धक्का बसतो इतकंच, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या; सभागृह छान थंडगार होतं.

दुसऱ्या दिवशी गोदामात एकही गाठ नव्हती. शेठनं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी त्याला व्याख्यानाचं सांगितलं.

"म्हणजे तो लहानसा धक्का मीच का, भाऊ?"

"तसंच दिसतंय."

त्यानं दाभण आणि कुंकवाची डबी पिशवीत टाकली.

"मग त्या साहेबांना विचारा ना, लहानशा धक्क्याला इथं जवळच्या पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कोणी कामावर घेतं का?"