आत्याचा कान आणि कडक पोलाद

आमच्या आत्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत औषधालाही केस सापडला नसता. धार लावलेला प्रत्येक वस्तरा ती आधी स्वतःच्या हातावर फिरवून बघायची. गल्लीतली तिन्ही सलूनं तिच्या दगडावर चालत, आणि तिन्ही सलूनवाले तिच्या धाकात.

तिचं सगळं काम कानावर. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही ओल्या दगडाला टेकवायची, पातं पुढे ढकलायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. मऊ पोलाद जाड आवाजात घासतं, लगेच धार धरतं आणि लगेच सोडतं. माझे वडील म्हणजे मऊ पोलाद, असं ती त्यांच्या तोंडावर सांगायची. कडक पोलादाचा आवाज बारीक. त्याला धार यायला अर्धा दिवस जातो, पण आली की टिकते. मात्र दाब जास्त झाला की धारेचे कपचे उडतात.

त्या वर्षी टकल्या सलूनवाल्याचा कडक वस्तरा आठवड्यात परत आला. धारेला दात पडले होते आणि एका गिऱ्हाइकाची हनुवटी सोलली होती. दाढी केलीस की तारा कापल्यास, असं आत्याने त्याला विचारलं. मग दुसरा वस्तरा परत आला, तिसरा आला. तिने टकल्याच्या हाताचा, गिऱ्हाइकांच्या दाढ्यांचा आणि पोलाद बनवणाऱ्यांच्या खानदानाचा उद्धार केला. टकल्या बिचारा मुकाट ऐकून घ्यायचा, पण बाकीचे दोघे कुजबुजायला लागले होते. काम सुटलं असतं तर आत्या खचली असती, आणि खचेपर्यंत घरात आम्हालाच धार लावत बसली असती.

म्हणून एका दुपारी मी तिच्यासमोर ठाण मांडलं. मऊ वस्तरा तिने अलगद फिरवला. मग कडक घेतला. दोनदा फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि दाबला. आणखी दाबला. दगड किंचाळला तेव्हा कुठे तिचा चेहरा निवळला. बारीक आवाज तिला ऐकूच येत नव्हता, आणि येईपर्यंत ती दाबत होती.

मी सांगितलं, तर म्हणाली की तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस. मी मोठ्याने सांगितलं. मग ती बराच वेळ दगड पुसत राहिली.

संध्याकाळी ती टकल्याच्या सलूनमध्ये गेली, मी मागोमाग. जन्मात कुणाची माफी न मागितलेली ही बाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि आरशातूनच त्याला म्हणाली, "चूक माझी होती. कडक वस्तरे आता दुसऱ्या कुणाला दे. मऊ पोलाद मला अजून ऐकू येतं."

टकल्या मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं, "तो म्हणतोय, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

"ओरडतेस कशाला? ऐकलं होतं मी," आत्या म्हणाली, आणि मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.