आठवी देग

"कॉम्प्युटर सात म्हणतो, मी आठ म्हणतो. झालं मग," असं म्हणून रऊफचाचांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला घेतला. चाचांचा चष्मा निघाला की विषय संपला, हे त्यांच्या भटारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची मुलगी नाझनीन माझ्याकडं बघायला लागली. मी स्क्रीनकडं बघत बसले.

रोशन गेटजवळ त्यांचं केटरिंगचं दुकान आहे. खाली चुली आणि भट्टी, वर एक खोली, तिला ऑफिस म्हणायचं. वाद चालला होता सिल्लोडच्या एका लग्नावरून. जेवणात नान-खलिया. खलिया, म्हणजे मटणाचा तर्रीदार रस्सा, ज्या भल्यामोठ्या भांड्यात शिजतो ती देग. अशा किती देगा चढवायच्या, हे आधी ठरवावं लागतं. कमी पडलं तर मुलीच्या बापाची मान खाली. जास्त झालं तर एवढा जीव लावून शिजवलेलं वाया. हा अंदाज चाचा करायचे आणि तो चुकत नसे.

आता चाचा हजला निघाले होते आणि लग्न नेमकं ते तिकडं असतानाच होतं. नाझनीननं हॉटेल मॅनेजमेंट केलंय. माल आणणं, माणसं लावणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं तीच बघते. अंदाज तेवढा अब्बांचा. चाचांनी अट घातली होती: "कॉम्प्युटरचं उत्तर माझ्याशी जुळलं तर लग्न नाझनीन करेल, नाहीतर ऑर्डर माझ्या चुलतभावाला." ऑर्डर गेली असती तर "पोरीच्यानं होत नाही" हे साऱ्या बिरादरीत पक्कं झालं असतं. ओढणीचं टोक पिळून पिळून पार चुरगळलं होतं पोरीनं.

मी यात कशी, ते सांगते. माझं काम एक्स्पर्ट सिस्टिम बनवायचं. हल्ली एआय म्हटलं की लोकांना गप्पा मारणारा कॉम्प्युटर आठवतो. माझी सिस्टिम त्याचा जुना, कमी बोलणारा काका समजा. एखाद्या जाणकाराजवळ बसायचं, तो निर्णय कसा घेतो ते खोदून खोदून विचारायचं आणि त्याचे नियम करायचे: असं असेल तर तसं. या नियमांचा साठा म्हणजे नॉलेज बेस. समोरची परिस्थिती बघून कोणते नियम लागू होतात ते शोधून उत्तर काढणारा भाग म्हणजे इन्फरन्स इंजिन. डॉक्टरांना रोग ओळखायला, बँकेला कर्ज तपासायला, शेतकऱ्याला कपाशीवरची कीड ओळखायला अशा सिस्टिम वापरतात. मी आयुष्यभर वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत मशीन का बंद पडलं ते सांगणाऱ्या सिस्टिम केल्या. माझी भाची नाझनीनच्या वर्गातली, म्हणून नाझनीन माझ्याकडं आली. माझ्या नवऱ्यानं या एका प्रोजेक्टबद्दल कधी कुरकुर केली नाही. दर भेटीला चाचांकडून घरी डबा यायचा.

चाचांकडून नियम काढणं म्हणजे भलतंच काम. पहिल्या दिवशी म्हणाले, "मॅडम, अंदाज येतो, बस. त्यात सांगायचं काय?" मग हळूहळू निघायला लागलं. वरात लांबून येणार असेल तर भूक जास्त. ऊन कडक असेल तर लोक पाणीच पितात, खलिया कमी. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर न बोलावलेले पण येतात, आणि त्यांना उठवायचं नसतं. असे पुष्कळ नियम झाले. जुनी लग्नं आठवून आम्ही सिस्टिम तपासली. दर वेळी तिचं उत्तर चाचांशी जुळलं. चाचा खूश झाले, मी त्याहून खूश झाले. आणि सिल्लोडपाशी गाडी अडली.

अशा सिस्टिमला 'का?' असं एक बटण असतं. ते दाबलं की कोणत्या नियमांमुळं हे उत्तर आलं ते ती सांगते. मी दाबलं. सगळे नियम चाचांचेच निघाले. त्यांनी एकेक वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "सब बराबर. पण आठ."

मला रागच आला. सगळं बरोबर आणि उत्तर तेवढं चूक, असं कुठं असतं का. पण कारखान्यातली सवय कामी आली. मशीन रुसलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. मी विचारलं, चाचा, हेच लग्न इथं जवळ करमाडला असतं तर? सिस्टिम सहा म्हणाली, चाचा सात. थंडीत असतं तर? सिस्टिम आठ, चाचा नऊ. वरात जवळून आली असती तर? परत तेच. दर वेळी नेमकी एक देग जास्त, अर्धी नाही की दीड नाही. म्हणजे चाचा वापरत होते, पण त्यांनी सांगितला नव्हता, असा एक आख्खा नियम कुठंतरी राहिला होता.

जुन्या लग्नांत तो का दिसला नाही, याचा विचार करताना माझ्या डोक्यात आलं की त्या सगळ्या लग्नांत एक गोष्ट सारखी होती.

"चाचा," मी म्हटलं, "लग्न सिल्लोडचंच. पण तुम्ही हजला गेला नाहीत. देगेपाशी तुम्ही स्वतः उभे आहात. किती?"

"सात," चाचा पटकन म्हणाले.

नाझनीननं ओढणी सोडली. "म्हणजे आठवी देग माझ्यामुळं, अब्बा?"

चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. "बेटा, भरोसा आहे तुझ्यावर. पण कमी पडलं तर लोक तुला बोलतील, आणि मी एवढ्या लांब. तिथून मी काय करणार?"

मला भरून आलं. रागही तिथंच गेला. नाझनीनचे डोळे पाणावले होते, पण ती लेक त्यांचीच. म्हणाली, "मॅडम, टाका हा नियम सिस्टिममध्ये." मी टाकला: नाझनीन उभी असेल तर एक देग जास्त. उत्तर आठ आलं. तिनं स्क्रीन अब्बांकडं फिरवला आणि 'का?' दाबलं. कारणात मी लिहिलं होतं, "अब्बांना काळजी वाटते." चाचांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, खो खो हसले आणि म्हणाले, "काढा ते. सातच."

लग्नाला आम्हा नवराबायकोला आमंत्रण होतं. ऊन मरणाचं होतं, वरात उशिरा आली. नाझनीन पहिल्या पंगतीपासून देगांपाशी उभी, कपाळावर घाम, तोंडानं सूचना चालू. शेवटची पंगत उठली तेव्हा सातवी देग अर्धी भरलेली होती. तिनं व्हिडिओ कॉल लावून अब्बांना देग दाखवली. चाचांनी आधी अल्लाहचे आभार मानले. मग देगेत नीट बघून विचारलं, "अर्धी उरली? मग सात सांगितल्या कुणी?"

अर्धी का उरली, याचं उत्तर नाझनीननं दोन दिवसांत शोधलं. सगळे नियम अब्बा उभे असलेल्या लग्नांवरून काढलेले, आणि अब्बा स्वतः वाढतात. ताटावर हात आडवा धरला तरी दोन पळ्या पडतातच. नियम टाकायला मी तिला शिकवलं होतंच. चाचा हजहून आले आणि सोयगावच्या लग्नाचा अंदाज बघायला बसले, तर आकडा त्यांच्यापेक्षा अर्ध्या देगेनं कमी. त्यांनी 'का?' दाबलं. कारण आलं, "वाढायला अब्बा नाहीत."

चाचांनी लगेच मला फोन लावला. म्हणाले, "मॅडम, माझ्याच दुकानात माझी चुगली चाललीय." नंतर म्हणाले, "सोयगावचं लग्न नाझनीनच करणार आहे, मी पाहुणा म्हणून जेवून येईन." आवाज एवढा खूश होता की काय सांगू.

परवा शेंद्र्याच्या एका कारखान्यात नवीन काम सुरू केलं. तिथल्या जाणकार इंजिनिअरला सगळे प्रश्न विचारून झाले की आता मी शेवटी आणखी एक विचारते: "आणि तुम्ही रजेवर असाल तर?" उत्तर बदललं, की मी लॅपटॉप मिटते आणि आधी चहा मागवते.